फ्रीराइड ऑलिम्पिकमध्ये यावा का? आधी अर्ज कोण करतो ते समजून घ्या

जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही उन्हाळी शिबिराबाहेर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, हा खेळ ऑलिम्पिकला आहे का? नसेल तर अर्ज कुठे करायचा?" याचं नीट उत्तर कुणी देत नाही आणि मग गैरसमजावर दुकानं चालतात. म्हणून सध्या ऑलिम्पिकच्या दाराशी उभ्या असलेल्या फ्रीराइड या खेळावरून सगळी प्रक्रिया सांगतो. खेळ बर्फातला आहे, पण नियम सगळ्यांना तेच.

फ्रीराइडमध्ये आखलेला ट्रॅक नसतो. स्की किंवा स्नोबोर्डवरून डोंगराचा नैसर्गिक उतार कड्यांवरून उड्या घेत उतरायचा. त्या उतारावर आधी सराव करता येत नाही. खेळाडू समोरून दुर्बिणीने खडक न् खडक बघतात आणि आपली वाट मनात पक्की करतात. पाठीवर एअरबॅग, फावडं आणि हिमस्खलनात गाडलं गेल्यास ठावठिकाणा सांगणारं यंत्र. गुण मिळतात ते निवडलेली वाट, नियंत्रण, ओघ, उड्या आणि तंत्र यांवर.

आता पात्रता. खेळाडू, क्लब किंवा जिल्हा संघटना थेट अर्ज करू शकत नाही. प्रस्ताव त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून जावा लागतो. यजमान आयोजन समितीला काही जादा स्पर्धा सुचवता येतात, तेवढीच सवलत. महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता हवी आणि उत्तेजकविरोधी जागतिक संहिता त्याने पाळलेली हवी. बहुतेक खेळ अडतात ते इथेच. फ्रीराइडची मोठी स्पर्धामालिकासुद्धा कित्येक वर्षं खासगीच होती. २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या छत्राखाली आली आणि २०२४ मध्ये महासंघाने फ्रीराइडला आपला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्याआधी कितीही प्रेक्षक जमले असते तरी उपयोग नव्हता.

दुसरी अडचण सगळ्यांत जास्त लोकांना फसवते. मान्यता मिळणं वेगळं, स्पर्धेत समावेश होणं वेगळं. जळगावात बुद्धिबळाची केवढी परंपरा आहे! बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला १९९९ पासून ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे, तरी ऑलिम्पिकमध्ये बुद्धिबळाचं पदक नाही.

तिसरी अडचण जागेची. ऑलिम्पिक सनदेत हिवाळी स्पर्धांसाठी खेळाडूंची संख्या साधारण २,९०० धरली आहे. नवे खेळाडू घ्यायचे तर कुणाच्या तरी जागा कमी होणार, आणि आपल्या जागा कोण सुखासुखी सोडेल? फ्रीस्टाइल स्कीइंगचंच, म्हणजे स्कीवरच्या कसरतींचंच बघा. १९८८ च्या कॅलगरीत त्याचे तीन प्रकार प्रदर्शनीय म्हणून खेळवले गेले. मोगल्सला (बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरणं) १९९२ मध्ये पदकाचा दर्जा मिळाला, एरियल्सला (हवेतल्या कोलांट्या) १९९४ मध्ये, आणि संगीतावरचा स्की बॅले कायमचा बाहेर राहिला. हाफपाइप (अर्ध्या नळीसारख्या उतारावरच्या कसरती) आणि स्लोपस्टाइलला (अडथळे आणि उड्यांचा उतार) तर २०१४ उजाडावं लागलं.

मुदतीबाबत लोक हमखास चुकतात. हिवाळी ऑलिम्पिक २०३० मध्ये, म्हणजे तोवर वेळ आहे, असं समजू नका. संपूर्ण नवा खेळ घ्यायचा तर ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन ठरवतं. आधीच्या खेळातला नवा प्रकार किंवा स्पर्धा (फ्रीराइड यातच मोडतो) समितीचं कार्यकारी मंडळ ठरवतं, तेही उद्घाटनाच्या किमान तीन वर्षं आधी. फ्रेंच आल्प्समधली स्पर्धा फेब्रुवारी २०३० मध्ये आहे, म्हणजे दार उशिरात उशिरा फेब्रुवारी २०२७ मध्ये बंद होतं.

माझं मत विचाराल तर फ्रीराइड यावा. कोट्यवधींचा उतार बांधून पुढे ओसाड पाडायची गरज नाही, डोंगर आहे तसा वापरायचा. अडचण खरी आहे: बर्फ धोकादायक वाटला तर दिवस पुढे ढकलावा लागतो आणि प्रसारणाचं वेळापत्रक कोलमडतं. पण त्यासाठी राखीव दिवस ठेवा. वेळापत्रकासाठी मुलांना हिमस्खलनाच्या तोंडी देणार असाल, तर मात्र हा खेळ न घेतलेलाच बरा.

आता आपल्याकडचं, आणि हे कळकळीने सांगतो. सोनेरी अक्षरांत "ऑलिम्पिक मान्यताप्राप्त" आणि वर पाच कडी छापलेली, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं घेऊन पोरं पोलीस भरतीच्या आशेवर फिरतात. ती कडी ऑलिम्पिक समितीच्या मालकीची आहेत, परवानगीशिवाय कुणालाही छापता येत नाहीत. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: संघटना कोणत्या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे, आणि हा खेळ शासनाच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात बसतो का. उत्तर तोंडी घेऊ नका, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शासन निर्णय मागून स्वतः वाचा. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते नाशिकला, त्यामुळे जाहिरात निघाल्यावर धावपळ करून भागत नाही. राज्यसेवेसारख्या परीक्षांत प्रावीण्य प्रमाणपत्र अर्जाच्या अंतिम तारखेचं किंवा त्याआधीचं लागतं. नंतरची तारीख असली की पदक खरं असूनही दावा जातो.