विमा असला तरी नेपाळमध्ये जुनी बुलेट टोचन होईलच असं नाही

‘फुल इन्शुरन्स आहे, नेपाळमध्ये गाडी बंद पडली तरी कंपनी बघून घेईल,’ असा मेसेज फिरत असतो. तसं नाही. भारतीय पॉलिसी मुळात भारतापुरती असते. नेपाळ-भूतानसाठी जादा हप्ता भरून क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. तेवढं केलं, तरी संरक्षण मिळतं अपघात, चोरी अशा नुकसानीला. क्लच प्लेट जळणं, कॉइल जाणं हा यांत्रिक-विद्युत बिघाड. तो मूळ पॉलिसीतून वगळलेलाच असतो. टोचन, मेकॅनिक ही मदत वेगळ्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या पुरवणी संरक्षणात येते, आणि 15 वर्षांच्या बुलेटचं घोडं तिथंच अडतं, कारण बऱ्याच ॲड-ऑनना गाडीच्या वयाची अट असते.

पॉलिसीवरची ‘जिओग्राफिकल एरिया’ (विमा कुठल्या देशांत चालतो) ही ओळ वाचा. मग आरसीवरची नोंदणी तारीख कळवून, ॲड-ऑन नेपाळमध्ये चालतो का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. नकार आला तर क्लच केबल, प्लग आणि ट्यूब सोबत ठेवा.