ट्रक वाढवले म्हणजे सप्लाय चेन सुधारली?

‘सप्लाय चेन सुधारायची’ म्हणून बैठक बोलावतात आणि दहाव्या मिनिटाला गाडी डिझेलच्या दरावर येते. अहो, ही लॉजिस्टिक्सची बैठक झाली! लॉजिस्टिक्स सगळ्यांना कळतं: माल चढवणं, उतरवणं, गोदाम, वेळेवर पोच. पॅकिंग आणि खरेदी नेमकी कुठल्या खात्यात धरायची यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं, कोणाचं काही अडत नाही.

अडतं ते एका ठिकाणी. लॉजिस्टिक्सवाल्याच्या हाती माल येतो तेव्हा तो किती, हे ठरलेलं असतं. सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये तोच तर खरा प्रश्न: किती पिकवायचं, कधी सोडायचं, आणि एकमेकांचे नोकर नसलेल्या माणसांनी हे मिळून कसं ठरवायचं.

आपला नाशिकचा कांदा घ्या. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. उत्तम काम, पण लॉजिस्टिक्सचं. रब्बीचा शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकतो, माल निघतो मार्च ते मे. म्हणजे लावायचं किती हे आजच्या भावावर ठरतं, विकायचं मात्र पाच-सहा महिन्यांनी. भाव चढा दिसला की सगळ्या शिवारात कांदाच. मग एप्रिलात बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि भाव मातीमोल. तिथे दुप्पट गाड्या लावून काय होणार? दिल्लीतला भावही लवकर पडेल, एवढंच.

कांदा साठवायच्या चाळीचंही तेच. चाळ बांधणं सोपं. त्यातून कुठल्या आठवड्यात किती क्विंटल काढायचे हे अवघड. उन्हाळ, म्हणजे हाच रब्बीचा, कांदा ऑक्टोबरपर्यंत धरता येतो, पण वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. म्हणून तोवर चाळी रिकाम्या होत जातात, पुढची सगळी मदार खरिपाच्या लाल कांद्यावर. तो पावसात गेला की मधले आठवडे कोरडे. 2019 ला नेमकं हेच झालं. सप्टेंबरअखेर सरकारने निर्यात बंद केली, तरी डिसेंबरात शहरांत कांद्याने किलोमागे शंभरी ओलांडली. ट्रक तेव्हाही उभेच होते, त्यात भरायला कांदा नव्हता.

तेव्हा कोणी स्वतःला सप्लाय चेन मॅनेजर म्हणवलं, की मी एकच विचारतो: पुढच्या हंगामात किती माल लागणार हे तुम्हाला कोण सांगतं, आणि तुम्ही ते पुढे कोणाला कळवता? उत्तरात गाडीचा नंबर आला, तर ते लॉजिस्टिक्स पाहतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त कार्डावर तसं छापा.