दगडातली मुरी आणि वाळूतली मुरी

ओढ्यात दगड उलटला की बोटाएवढं काहीतरी सळकन निसटतं. पट्टेरी, मिशीवालं, बुळबुळीत. "मुरी!" कुणीतरी ओरडतं. थोडं खाली, पाणी संथ होतं तिथे वाळूत हात घातला तर तशीच मिशीवाली हाताला लागते. तीही मुरीच, ओढ्यातला छोटा मासा. हे नाव जुनं आहे. ब्रिटिश लष्करातले अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या एका माशाला शास्त्रीय नाव देताना हाच इथला शब्द उचलला. पण दगडातली आणि वाळूतली या दोघींची कुळंच वेगळी आहेत.

खूण डोळ्याखाली असते. वाळूतल्या मुरीला डोळ्याखाली दुटोकी बारीक काटा असतो. एरवी तो कातडीच्या खाचेत मिटलेला, म्हणून दिसत नाही. हातात धरलं की उभा राहतो आणि बोटाला टोचतो. जाळीत ती याच काट्याने अडकते. ओढून काढू नका, काटा मोडतो. दगडातल्या मुरीला असा काटा नाही.

बाकीचं अंग जागेप्रमाणे घडलंय. दगडातलीचं पोट चपटं, पुढचे पर रुंद. वाहत्या पाण्यात ती दगडाला बिलगून बसते, अंगावरचे आडवे पट्टे दगडांच्या सावल्यांत मिसळून जातात. वाळूतलीच्या कुशीवर ठिपक्यांची रांग. घाबरली की ती क्षणात वाळूत शिरते आणि फक्त तोंड बाहेर ठेवते.

वाळूतली भारतात आणि श्रीलंकेतही दूरवर सापडते. दगडातल्यांचं मात्र तसं नाही, त्यांतल्या काही जाती एखाद्याच ओढ्यापुरत्या असतात. मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. आंबोलीची शिस्टुरा हिरण्यकेशी ही अशीच एक दगडातली मुरी. ती महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात मिळाली, २०२० साली तिची नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. अशा मुरीला दगडांमधल्या फटी मोकळ्या लागतात. वर रस्त्यासाठी डोंगर कापला की पहिल्या पावसात माती उतरते आणि त्या फटी बुजतात. वाळूतलीचं घर जातं ते वाळूउपशाने.

पाहायचीच असेल तर ओल्या हातावर घ्या, डोळ्याखाली बघा, लगेच सोडा. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूला अंडी किंवा किडे चिकटलेले असतात.