कॉलेजातला नेमबाज एनबीएत का अडखळतो?

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची सर्वात वरची पातळी म्हणजे कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिचा ‘डिव्हिजन वन’. तिथे कारकिर्दीत सर्वाधिक थ्री-पॉइंटर (ठरलेल्या रेषेबाहेरून टाकलेले, तीन गुण देणारे बास्केट) टाकण्याचा विक्रम २००६मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या जे. जे. रेडिकने ४५७वर नेला. २०१४मध्ये ओकलंड विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस बेडरने ५०४ टाकून तो मोडला, २०१९मध्ये वॉफर्डचा फ्लेचर मॅगी ५०९वर पोचला आणि २०२३मध्ये डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसने थेट ५८८ केले. या चौघांपैकी एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, नियमित मोसमात उतरला तो एकटा रेडिक. तो १५ मोसम टिकला. बाकी तिघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, कुणी निवडलंही नाही.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे एनबीएची रेषा लांब आहे. ते खरं आहे, पण किती, ते मोजून पाहू. कॉलेजची रेषा २०१९पर्यंत रिंगच्या केंद्रापासून ६.३२ मीटरवर होती, आता ६.७५ मीटरवर आहे. एनबीएची ७.२४ मीटर, फक्त कोपऱ्यांत ६.७० मीटर. रिंगचा आतला व्यास ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. म्हणजे चेंडू रिंगला न घासता जायचा तर मधल्या रेषेपासून डावीकडे-उजवीकडे जेमतेम ११ सेंटिमीटर चालतात. ६.३२ मीटरवरून ही मुभा साधारण १ अंशाची असते, ७.२४ मीटरवरून ०.८६ अंशाची.

ताकदीचा हिशेबही असाच. चेंडू २.१ मीटर उंचीवरून ५० अंशांच्या कोनात सोडला, तर जुन्या कॉलेज रेषेवरून सेकंदाला सुमारे ८.५ मीटर वेग लागतो, एनबीएच्या रेषेवरून ९ मीटर. वेगातला फरक थोडा दिसतो, पण ऊर्जा सुमारे १२ टक्के जास्त लागते. ती पायांतून आली नाही तर खेळाडू खांद्याने ढकलतो, चेंडूची कमान सपाट होते आणि मग खरं नुकसान होतं. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला रिंगचं तोंड ३२ सेंटिमीटर मिळतं. ३५ अंशांत उतरणाऱ्याला फक्त २६. चोवीस सेंटिमीटरच्या चेंडूला २६चं दार! म्हणून प्रशिक्षक अंतर वाढवताना आधी गुडघ्यांचा वाक आणि उडीची लय बघतात, मनगट नंतर.

पण हे सगळं सरावाने जमतं. एक-दोन उन्हाळे घासले की बहुतेक चांगले नेमबाज मागच्या रेषेवर स्थिरावतात. अंतराला मी दुय्यम कारण मानतो.

मुख्य कारण वेळ. सेकंदाला ६ मीटर वेगाने झेपावणारा बचावपटू ०.३ सेकंदात १.८ मीटर कापतो. कॉलेजात तो बऱ्याचदा सहा फुटांचा असतो, एनबीएत साडेसहा फुटांचा, आणि हात त्याहून लांब. झेल घेऊन चेंडू आधी कमरेखाली नेणारा, मग वर आणणारा खेळाडू कॉलेजात मोकळा सुटतो. एनबीएत तेवढ्या वेळात समोरचा हात डोळ्यांपुढे आलेला असतो.

दुसरी गोष्ट, चेंडू कुणाच्या हातात असणार? ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटने २०१०-११मध्ये सामन्यामागे २८.९ गुण केले. सगळा संघ त्याच्याभोवती फिरायचा. तो ड्राफ्टमध्ये दहावा निवडला गेला. एनबीएत त्याची थ्री-पॉइंटची टक्केवारी ३७.२ राहिली, जी तेव्हाच्या सरासरीपेक्षा वरचढ होती. म्हणजे नेम शाबूत होता. गेला तो चेंडू: ड्रिबल करत स्वतःची जागा शोधण्याइतका वेग त्याच्याकडे नव्हता, आणि बचावात प्रतिस्पर्धी पिक अँड रोल (एकाने बचावपटूची वाट अडवायची आणि मग रिंगकडे वळायचं) करून नेमका त्यालाच गाठायचे. पुढे चीनच्या लीगमध्ये त्याने एका सामन्यात ७५ गुण टाकले.

याच्या शेजारी स्टीव्ह करला ठेवून बघा. १९८७-८८मध्ये ॲरिझोनाकडून त्याने १९९पैकी ११४ थ्री-पॉइंटर टाकले, ५७.३ टक्के. तरी ड्राफ्टमध्ये पन्नासावा. एनबीएत त्याची सरासरी सामन्यामागे ६ गुण, फ्रेडेटचीही तितकीच! पण कर पाच वेळा विजेत्या संघात होता आणि त्याची ४५.४ ही टक्केवारी आजही एनबीएच्या इतिहासात सर्वोच्च आहे. चेंडूशिवाय योग्य जागी उभं राहायचं, पास आला की लगेच सोडायचा, एवढंच काम त्याने चोख केलं. रेडिकही पहिले दोन मोसम बहुतेक बाकावर होता. स्क्रीनमागून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्याच्या आडून, धावत येऊन झेलताच फेकणं हाताशी आल्यावर त्याचा जम बसला. २०१८-१९मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याची सरासरी १८.१ गुणांची होती. एनबीएत सर्वाधिक थ्री-पॉइंटर टाकणारा स्टीफन करी चेंडूसह आणि चेंडूशिवाय दोन्ही करतो, म्हणून तो अपवाद. त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नये.

मग निवड करणाऱ्यांनी काय बघावं? कॉलेजातली थ्री-पॉइंट टक्केवारी एकटी फसवते. एका मोसमात २०० प्रयत्न धरले, तर मुळात ४० टक्क्यांचा नेमबाज केवळ नशिबाच्या हेलकाव्याने ३३ ते ४७मध्ये कुठेही दिसू शकतो. त्यापेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारी बिनअडथळ्याची फेक, बघावा. तिथे बचावपटू नाही, अंतर ठरलेलं, हात कसा आहे ते स्वच्छ कळतं. कवाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेटमध्ये थ्री-पॉइंटर जेमतेम २५ टक्के टाकायचा, पण फ्री थ्रो ७४ टक्क्यांच्या आसपास. सॅन अँटोनियोत प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याच्या फेकीची ठेवण बदलली आणि पुढे त्याची थ्री-पॉइंट टक्केवारी ३९च्या घरात गेली. फ्री थ्रोच्या जोडीला चित्रफितीत दोन गोष्टी पाहाव्यात: झेल ते सुटका किती वेळ, आणि धावताना पाय किती लवकर जुळतात.

आज अशा खेळाडूंना जागा पूर्वीपेक्षा खूप जास्त आहे. १९७९-८०मध्ये एनबीए संघ सामन्याला थ्री-पॉइंटरचे तीनपेक्षा कमी प्रयत्न करायचे, आता ३५हून अधिक. मिशिगनच्या डंकन रॉबिन्सनला २०१८च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. २०१९-२०मध्ये त्याने मायामीसाठी ४४.६ टक्क्यांनी २७० थ्री-पॉइंटर टाकले. २०२१मध्ये ५ वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार झाला. आणि पुढच्याच वसंतात, २०२२च्या प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या फेऱ्यांत), सुरुवातीच्या पाचांत मॅक्स स्ट्रस आला आणि रॉबिन्सन बराच काळ बाकावर बसला.