प्लेस मासा मसाल्यात मुरवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानात गोठवलेला प्लेस ठेवायला लागल्यापासून एकच तक्रार वारंवार ऐकू येते, ती अशी की मासा तव्यावर टाकल्याबरोबर फुटला, पाणी सुटले आणि शेवटी ताटात नुसता चुरा वाढावा लागला. चौकशी केली की बहुतेक वेळा असे कळते की सुरमईला लावतात तसे मीठ, हळद, लिंबू आणि आले-लसणाचे वाटण लावून मासा दोन-तीन तास, क्वचित रात्रभर, ठेवला होता. तेवढ्या एका गोष्टीसाठी हे पत्रक छापले आहे.

प्लेस हा युरोपच्या किनाऱ्यालगतचा, विशेषतः उत्तर समुद्रात मिळणारा चपटा मासा आहे. तपकिरी अंगावरचे नारिंगी ठिपके ही त्याची ओळख आहे. ते पाहून मासा शिळा असल्याची शंका घेऊ नये. अख्खा मासा नेणाऱ्यांना त्याचे दोन्ही डोळे उजव्या अंगाला दिसतात आणि खालची बाजू पांढरी असते, तेही व्यंग नव्हे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा हा मासा इतर माशांसारखाच उभा पोहतो आणि त्याला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे डावा डोळा डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो आणि मासा कायमचा डाव्या कुशीवर, वाळूत आडवा होतो. आपल्या कोकणातला लेपा याच जातकुळीतला, फक्त त्याचे डोळे डाव्या अंगाला असतात. पापलेट मात्र या कुळातले नाही. ते दिसायला चपटे असले तरी उभेच पोहते, आणि त्याचे मांसही अधिक घट्ट असते. म्हणूनच पापलेटची रीत प्लेसला लागू पडत नाही.

प्लेसच्या मांसात चरबी अगदी कमी आणि पाणी भरपूर असते, त्याचे पदर पातळ व नाजूक असतात. मीठ हे पाणी बाहेर ओढते. लिंबाचा रस किंवा कोकमाचे आगळ यांतल्या आंबटपणाने मांस चुलीवर जाण्याआधीच पांढरे पडून भुसभुशीत होते, आणि मग ते कालथ्याचा धक्काही सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात एक ज्येष्ठ ग्राहक भगिनी स्टीलचा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. डब्याच्या तळाशी बोटभर लालसर पाणी साचले होते, आणि फिले (काटे काढलेला माशाचा सपाट तुकडा) उचलायला गेलो तर कातडी हातात आली व मांस पाण्यात राहिले. मासा आदल्या सायंकाळी दिलेला होता, त्याला वास नव्हता, मात्र लिंबू रात्री नऊ वाजता लावलेले होते. त्यांच्या घरी पाहुणे येणार होते, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. विकतानाच सांगायला हवे होते.

तेव्हा विनंती अशी की मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवून आणि चाळणीखाली ताट ठेवून, सावकाश वितळू द्यावा. घाई असेल तर पिशवी न फोडता ती गार पाण्यात बुडवून ठेवावी. गरम पाणी कधीही वापरू नये, कारण त्याने बाहेरचा थर अर्धवट शिजतो आणि आतला बर्फ तसाच राहतो. वितळलेला मासा पुन्हा गोठवू नये. नंतर स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही बाजू दाबून कोरड्या कराव्यात. या कामाला दोन मिनिटे लागतात, पण सगळा मासा यावरच सावरतो. हळद, तिखट आणि मसाला तळण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे लावावा, मीठ अगदी शेवटी लावावे, आणि तांदळाच्या पिठात किंवा बारीक रव्यात घोळवून तापलेल्या तेलात सोडावा. पातळ फिलेला एका बाजूने दोन ते तीन मिनिटे पुरतात. कडा सोनेरी दिसेपर्यंत हात लावू नये आणि एकदाच उलटावा. लिंबू ताटात पिळावे.

कालवणासाठी प्लेसचे फिले आम्ही सुचवत नाही. करायचेच असेल तर कालवण पूर्ण उकळल्यावर शेवटची चार मिनिटे फिले सोडावेत आणि डाव न घालता पातेले दोन्ही हातांनी हलवावे.

वितळल्यावर वजन कमी भरते, अशी शंकाही अनेकांना येते. गोठवलेल्या माशावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे फ्रीजरमधल्या कोरड्या हवेने मासा सुकत नाही. आम्ही पैसे घेतो ते पाकिटावर छापलेल्या, हा थर वगळून केलेल्या वजनाचेच. प्लेस हिवाळ्यात अंडी घालतो आणि त्यानंतर काही महिने तो रोड व पाणचट असतो, म्हणून उन्हाळ्याच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत पकडलेला माल आम्ही मागवतो; दर थोडा अधिक असण्याचे हेही एक कारण आहे. मसाला लावलेला मासा परत घेता येत नाही, कारण तो मुळात कसा होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पाकीट फोडल्याबरोबर वास किंवा रंग शंकास्पद वाटला, तर तसेच घेऊन यावे, आम्ही प्रश्न न विचारता बदलून देतो.

पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे ताजी मासळी रात्रीच्या गाडीने येते आणि पहाटे जे हाती लागते तेच आम्ही मांडतो. चपटा मासा ताजाच हवा असेल, तर लेपा आणि भाकस यांची आगाऊ नोंद करावी. माल आला की फोन करतो. भाकस कालवणाला उत्तम, आणि लेपा रवा लावून तळला तर प्लेसची आठवणही येत नाही. लेप्याची कातडी ओढून काढण्याचे काम जिकिरीचे असते, ते आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. १ जूनपासून सागरी मासेमारीवर पावसाळी बंदी असते आणि त्या दिवसांत ताजा माल फारच कमी येतो. तेव्हा प्लेसची मागणी वाढते, म्हणून नोंद मे महिन्यातच केलेली बरी.