केशगळती उपचार : पुरुषांचे स्वमूल्यमापन

पुरुषी टक्कलावरील उपचाराने किती फरक पडला, हे उपचार घेणाऱ्याकडूनच ठरावीक प्रश्नांद्वारे जाणून घेण्याची पद्धत. औषधांच्या चाचण्यांत ती केशगणना, तज्ज्ञांचे छायाचित्र-परीक्षण यांच्या जोडीने वापरतात.

पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. हॅमिल्टन (१९५१) व नॉरवुड (१९७५) यांच्या श्रेण्यांना काहीजण तिचे पूर्वरूप मानतात. मात्र त्या टक्कल कुठवर पसरले एवढेच सांगतात. रुग्णाला काय वाटते याच्याशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे हे मत ताणलेले वाटते. मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या औषधाच्या (अमेरिकेत मान्यता १९८८) चाचण्यांतही रुग्णाचे मत विचारले जाई. तथापि रीतसर पारखलेली प्रश्नावली म्हणून बार्बर, कॉफमन आदींनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक. फिनास्टेराइड या केशगळतीवरील गोळीच्या चाचण्यांसाठी ती त्याआधीच तयार झाली असावी.

तीत सात प्रश्न आहेत. चार बदलाविषयी : टक्कल लहान होताना दिसते का, केस कसे दिसतात, वाढ कशी आहे, गळती थोपवण्यात उपचार किती परिणामकारक ठरला. उरलेले तीन समाधानाविषयी : कपाळावरची केशरेषा, माथ्यावरचे केस आणि एकूण रूप.

१९९८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या फिनास्टेराइडच्या अहवालातून (१८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष) या प्रश्नांची गरज कळते. टाळूवर गोंदलेल्या बारीक ठिपक्याभोवती एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस छाटून, छायाचित्रावरून मोजले गेले. सुरुवातीची सरासरी ८७६ होती. वर्षअखेरीस औषध व प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) या गटांत १०७ केसांचा फरक पडला. आता एवढे केस आरशात जाणवतीलच असे नाही. टाळू किती झाकली जाते हे केवळ केसांच्या संख्येवर नव्हे, तर केसाची जाडी, लांबी व रंग यांवरही अवलंबून असते. शिवाय छाटलेल्या केसांच्या गणनेत लांबी येतच नाही.

मुख्य आक्षेप स्मरणाचा. ‘चाचणी सुरू झाल्यापासून’ असे विचारले, की आधीचे रूप आठवावे लागते, आणि ते आठवणीत बदलते. प्लासिबो घेणाऱ्या काहींनीही सुधारणा नोंदवली होती. त्यामुळे कोणी कोणते औषध घेतले हे ठाऊक नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या छायाचित्र-परीक्षणाशी ही उत्तरे ताडून पाहणे इष्ट.

केशरोपणात दात्या भागावरील (जिथून केस काढले जातात तेथील) व्रण आणि केशरेषेचा नैसर्गिकपणा हेही महत्त्वाचे असल्याने तेथे हेच प्रश्न जसेच्या तसे पुरत नाहीत.