जॉइन मारायचा, पण रस्ता कोण शोधणार? थोडी पार्श्वभूमी

हल्ली कोणी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जॉइन, म्हणजे दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळी जोडणं, येतोच, आणि तो शिकवतात कसा, तर दोन वर्तुळं काढायची, मधला भाग रंगवायचा, झाला इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडे जुळतं तेवढंच. मला हे कधीच पुरेसं वाटलं नाही. दोन याद्या जुळवणं हे काम कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे, मग जॉइनमध्ये नवीन काय होतं? ते कळायचं तर आधीचे लोक हेच काम कसं करायचे ते बघायला लागतं.

1935 ला अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा आला आणि कोट्यवधी कामगारांची खाती सांभाळायची वेळ आली. त्या कामासाठी आयबीएमनं 1937 मध्ये 77 नंबरचं कोलेटर मशीन आणलं. त्यात पंच कार्डांचे, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांचे, दोन गठ्ठे टाकायचे, दोन्ही आधीच नंबरप्रमाणे लावलेले. मशीन दोन्हीकडचं एकेक कार्ड बघणार, नंबर जुळला तर एकत्र, नाही जुळला तर ते कार्ड वेगळ्या कप्प्यात. पुढे टेप आल्या तेव्हाही मास्टर फाइल आणि रोजच्या व्यवहारांची फाइल सॉर्ट करून अशाच शेजारी-शेजारी पळवायचे. आजच्या डेटाबेसमधला मर्ज जॉइन म्हणजे अक्षरशः हेच, आणि तो न जुळलेल्या कार्डांचा कप्पा बघितला की आउटर जॉइनच आठवतो, म्हणजे न जुळलेल्या ओळीही ठेवणारा जॉइन.

मग डिस्क आल्या आणि कुठल्याही रेकॉर्डवर थेट उडी मारता यायला लागली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयडीएस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बनवलं, त्यात एक रेकॉर्ड दुसऱ्याला पॉइंटरनं, म्हणजे आत लिहिलेल्या त्याच्या पत्त्यानं, बांधलेलं असायचं. अपोलो यानाच्या हजारो सुट्या भागांची यादी सांभाळायला आयबीएम आणि त्यांच्या भागीदारांनी आयएमएस हे डेटाबेस सॉफ्टवेअर उभं केलं, ते 1968 च्या सुमारास चालू झालं, त्याची रचना झाडासारखी, वर असेंब्ली, म्हणजे जोडून तयार झालेला मोठा भाग, खाली पार्ट, त्याखाली आणखी काही. हे वेगवान होतं यात शंका नाही. पण समजा पार्टच्या खाली सप्लायर लटकवलेत आणि साहेबांनी विचारलं की या एका सप्लायरकडून आपण काय काय घेतो, की संपलं, कारण झाड त्या बाजूनं चढायला बांधलेलंच नाही, मग सगळे पार्ट एकेक करून चाळत बसा. आणि उद्या रचना बदलली तर प्रोग्राम पुन्हा लिहा. बाकमन यांना 1973 चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा पुरस्कार, मिळालं तेव्हा त्यांच्या भाषणाचं शीर्षकच होतं, प्रोग्रामर म्हणजे नेव्हिगेटर. डेटाच्या समुद्रात वाट काढणं हे माणसाचं काम, असं तेव्हा मनापासून मानलं जायचं.

एडगर कॉड यांना नेमकं हेच पटत नव्हतं. मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेले, गणित शिकलेले, आणि आयबीएमच्या सॅन होजे लॅबमध्ये काम करणारे. जून 1970 मध्ये त्यांचा पेपर छापून आला आणि त्याचं पहिलंच वाक्य असं आहे की डेटा मशीनमध्ये कसा ठेवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये. पार्ट आणि प्रोजेक्ट यांचा एकच डेटा पाच वेगवेगळ्या रचनांमध्ये कसा ठेवता येतो आणि एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर कसा कोसळतो, हे त्यांनी उदाहरणासकट दाखवलंय. त्यांचा उपाय म्हणजे पॉइंटर काढूनच टाका. सगळं साध्या टेबलांत ठेवा आणि जोडणी आतल्या मूल्यांवरून होऊ द्या, या टेबलातला पार्ट नंबर आणि त्या टेबलातला पार्ट नंबर सारखा असला की ते एकमेकांचे. जॉइन हे नाव त्या पेपरमध्येच आहे.

आपल्याकडे हे समजावायला मी नेहमी सातबारा घेतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे त्यात पीक काय. दोन वेगळ्या नोंदी, एकीत दुसरीचा पत्ता लिहिलेला नाही, जोडणारा धागा फक्त गट नंबर. आणि खातेदाराची सगळी जमीन एकत्र बघायची असेल तर आठ अ असतोच, म्हणजे तीच माहिती दुसऱ्या बाजूनं. झाडाला हे जमत नव्हतं.

कॉड यांचं एक व्याख्यान आयबीएममधल्याच डॉन चेंबरलिन यांनी ऐकलं होतं आणि ते सांगतात की जे प्रश्न सोडवायला पाच-पाच पानी प्रोग्राम लागायचे ते कॉड एका ओळीत लिहीत होते, उदाहरणार्थ आपल्या मॅनेजरपेक्षा जास्त पगार असलेले कर्मचारी शोधा. (हाच तो सेल्फ जॉइन, म्हणजे टेबल स्वतःलाच जोडणं, अजून इंटरव्ह्यूमध्ये विचारतात.) पण कॉड यांची चिन्हं गणिताची होती, म्हणून चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी साध्या इंग्रजीसारखी सीक्वेल भाषा तयार केली, 1974 मध्ये. बॉइस त्याच वर्षी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकारानं गेले, तिशीसुद्धा गाठली नव्हती, आपली भाषा कुठवर पोचली हे त्यांना बघायला मिळालं नाही याची मला खरंच हळहळ वाटते. पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सीक्वेलचं एसक्यूएल झालं.

विरोधक म्हणायचे, ठीक आहे, लिहायला सोपं, पण चालेल का? रस्ता माणसानं सांगायचा नाही तर मशीन तो शोधणार कसा? दहा टेबलं जोडायची तर नुसता क्रमच 36,28,800 प्रकारे लावता येतो. याचं उत्तर आयबीएमच्या सिस्टिम आर या संशोधन प्रोजेक्टमधून आलं, पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये दाखवलं की टेबलात रो, म्हणजे ओळी, किती, इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आहे का, यावरून प्रत्येक रस्त्याचा अंदाजे खर्च काढायचा, लहान जोडण्यांचं उत्तर साठवून त्यावर मोठी जोडणी रचायची, आणि स्वस्त पडेल तो रस्ता घ्यायचा. माझ्या मते जॉइनच्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हे आहे, कॉड यांच्या इतकंच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, एसक्यूएलच्या 1986 च्या पहिल्या स्टँडर्डमध्ये जॉइन हा शब्दच नव्हता. क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, फ्रॉम भागात स्वल्पविराम देऊन टेबलं लिहायची आणि व्हेअर भागात जुळवणीची अट. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच जुना रिपोर्ट दुरुस्त करत होतो, व्हेअरमधली एक ओळ चुकून उडाली, मग जुळवणीच राहिली नाही आणि प्रत्येक ग्राहक प्रत्येक बिलाशी जोडला गेला, 12,000 ग्राहक आणि 40,000 बिलं, गुणाकार 48 कोटी रो, सर्व्हर संध्याकाळपर्यंत आडवा. क्वेरी व्याकरणानं बरोबर होती म्हणून एरर सुद्धा आली नाही.

आउटर जॉइनचे तर आणखी हाल होते. ओरॅकल डेटाबेसमध्ये (+), सायबेस डेटाबेसमध्ये *=, ज्याची त्याची खूण वेगळी. शिवाय खरी अडचण खुणेची नव्हतीच, एकही बिल नसलेले ग्राहकही यादीत हवेत आणि बिलं फक्त यंदाचीच हवीत, तर "यंदाची" ही अट जुळवताना लावायची की जुळवून झाल्यावर? नंतर लावली तर बिल नसलेले ग्राहक गळून जातात. व्हेअर एकच असल्यामुळे हा फरक नीट लिहिताच येत नव्हता. 1992 च्या स्टँडर्डनं लेफ्ट जॉइन, म्हणजे डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा आउटर जॉइन, आणि ऑन दिलं ते यासाठी, जुळवणीची अट ऑनमध्ये, गाळायची अट व्हेअरमध्ये. ओरॅकलमध्ये ते यायला 2001 उजाडलं, 9आय मध्ये.

रस्ते मात्र वाढतच राहिले. ऐंशीच्या दशकात मेमरी स्वस्त झाल्यावर हॅश जॉइन, म्हणजे एका टेबलाच्या ओळी मेमरीत कप्प्यांत लावून दुसऱ्याच्या ओळी त्यात शोधणं, पुढे आला, टोकियो विद्यापीठातल्या ग्रेस प्रोजेक्टचं त्यात मोठं काम आहे. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तो थेट 2019 मध्ये आला, 8.0.18 पासून. आमच्याकडे इंडेक्स नसलेल्या दोन टेबलांवरची एक महिनाअखेरची क्वेरी होती, कोणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलेली, अपग्रेडनंतर मी एक्सप्लेन, म्हणजे डेटाबेस कुठला रस्ता घेतो ते दाखवणारी आज्ञा, लावून बघितलं तर ती आता हॅश जॉइननं चालत होती, क्वेरीतलं एक अक्षरही कोणी बदललेलं नव्हतं.